रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न: बाबांची १९६९ ची शेवरोले सी-१० पिकअप आमच्याकडे आहे. अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. सहा सिलिंडरचं मूळ इंजिन जाम झालंय. मी आणि धाकटा भाऊ मिळून तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं म्हणतोय. बेत असा, की आधी गाडी पूर्ण उघडायची, पत्राकाम आणि रंग करून घ्यायचा, आणि मग नव्या पिढीचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवायचं. भावाला एक सुटं इंजिन स्वस्तात मिळतंय. मामा म्हणतात, मूळ इंजिन काढलंत तर ती तुमच्या बाबांची गाडी राहणार नाही. मला तर त्या केबिनमधला पेट्रोलचा वाससुद्धा अजून आठवतो. आमचं काही चुकतंय का? सुरुवात कुठून करू?
— ताडपत्री उचलून बसलेली

उत्तर:

ताई, बेत बरोबर आहे, क्रम उलटा आहे. तुम्ही पहिल्या नंबरावर ठेवलेलं काम शेवटच्या नंबरावर न्या. अर्धवट पडलेल्या जुन्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्यात, आणि त्यातल्या बहुतेक इंजिनावाचून अडलेल्या नव्हत्या, खोक्यांपायी अडलेल्या होत्या. पहिल्या पंधरा दिवसांत हौसेनं सगळं उघडलं जातं. उघडणं सोपं असतं, आणि संध्याकाळी हात काळे झाले की मोठं काम झाल्यासारखं वाटतं. मग दारं एका भिंतीला, बॉनेट माळ्यावर, नट-बोल्ट डब्यांत. वर्षभरानं डबा उघडला की आतलं काय कुठलं, देव जाणे.

हे मी स्वतःवरून सांगतोय. माझ्या पहिल्या पिकअपच्या वेळी मी मोठ्या शिस्तीत पिशव्या करून त्यांवर नावं लिहिली होती. ‘डावं दार’, ‘पुढचा बंपर’, ‘वायपर’. सगळ्यात जड पिशवी शेवटची, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘किरकोळ’. त्यात दोन किलो तरी लोखंड होतं. वर रंग आधी केलेला, त्यामुळे चेन-कप्पीला टांगलेलं इंजिन आत उतरवताना जरा गिरकी घेऊन मडगार्डला घासलं, आणि एवढा लांब ओरखडा. ‘किरकोळ’मधले सात बोल्ट आजही माझ्याकडे आहेत. गाडी त्यांच्याशिवाय चालते.

तेव्हा एकच पथ्य पाळा: गाडी चाकांवर राहिली पाहिजे. चौघांनी ढकलली तर हलली पाहिजे, स्टिअरिंग फिरलं पाहिजे. एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पुरा करायचा, मग पुढचा. इंजिन बसलं, सुरू झालं, गाडी स्वतःच्या पायांनी चार फेऱ्या मारून आली, ब्रेक लागले, गळती थांबली, की मग खुशाल सगळं उतरवा आणि रंगाला द्या. रंगाआधी जे वेल्डिंग करायचं, भोकं पाडायची, पट्ट्या लावायच्या, ते सगळं तोवर उरकलेलं असेल.

आता मामांचं. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. अकरा वर्षं उभ्या गाडीचं इंजिन जाम झालं म्हणजे ते मेलंच असं नाही. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, चार-आठ दिवस मुरू द्या आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवरून हातानं हळूहळू हलवून पाहा, पुढे-मागे, जोर न करता. सुटलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढायची, निवांत फिरायचं, एवढीच इच्छा असेल तर ते इंजिन उघडून नीट करणं हे दुसरं इंजिन बसवण्यापेक्षा कितीतरी कमी डोकेदुखीचं आहे. २५० घनइंचाचं, म्हणजे ४.१ लिटरचं ते सरळ सहा सिलिंडरचं इंजिन साधं आणि चिवट आहे.

पण लांब पल्ल्याला जायचंय, गाडी रोज वापरायचीय, थंडीत पहिल्या किल्लीला सुरू व्हायला हवीय, तर भावाचं बरोबर. त्या सहा सिलिंडरची कागदावरची ताकद १५५ हॉर्सपॉवर. तीही जुन्या मापानं, म्हणजे इंजिन फळीवर ठेवून, पंखा-सायलेन्सरचा भार न घालता मोजलेली. १९७२ च्या सुमारास अमेरिकन कंपन्या भारासकट मोजायला लागल्या आणि सगळ्यांचे आकडे एकदम खाली आले. ५.३ लिटरचे सुरुवातीचे आकडे २७० ते २८५ आहेत, आणि ते भारासकट. एकाच मापानं पाहिलं तर फरक दुपटीचाही नाही, त्याहून जास्त.

मामांना सांगा, जुनं इंजिन विकणार नाही. तेल भरून, सगळी तोंडं बंद करून, गुंडाळून ठेवा. आणि नव्याचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते आधार, बोल्टवर बसणारे घ्या, चासी कापू नका. उद्या कुणाला परत मूळ रूपात न्यावीशी वाटली तर वाट मोकळी राहील. मात्र त्याआधी एक चौकशी. गाडी जिथे नोंदवलेली आहे तिथे इंजिन बदलायला परवानगी लागते का, इंजिन नंबर कागदावर बदलून मिळतो का, धुराच्या तपासणीला कुठल्या सालाचा नियम लागतो, हे खरेदीच्या आधी लेखी विचारून घ्या. गाडी तयार झाल्यावर विचारणारे लोक फार आहेत.

स्वस्तातलं सुटं इंजिन घेऊ नका. या सबंध पत्रातलं कळीचं वाक्य हेच. तुम्ही म्हणता ती जात १९९७ मध्ये कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा आली, ५.७ लिटरची, पूर्ण ॲल्युमिनियमची. १९९९ पासून ती पिकअपमध्ये ४.८, ५.३ आणि ६.० लिटरमध्ये यायला लागली. त्यातल्या बहुतेक ५.३ चा ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमची असतात. जड आहे, पण दणकट आहे. मात्र हे इंजिन एकटं येऊन काही कामाचं नाही. त्याला त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, लागतो, त्याची वायरिंग लागते, सगळे सेन्सर लागतात. थ्रॉटल केबलचा नसून इलेक्ट्रॉनिक असेल तर ॲक्सिलरेटरचं पेडलसुद्धा त्याच जोडीतलं लागतं, आणि सुरुवातीच्या सालांत पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये थ्रॉटलचं एक वेगळं मोड्यूल असतं, तेही. यातलं एक जरी दुसऱ्या सालाचं आलं तर दिवा पेटतो आणि गाडी रांगते. सुटं इंजिन घेऊन या वस्तू एकेक गोळा करायला गेलात की स्वस्ताई संपली.

अपघातात मागून ठोकलेली, पण चालू असलेली अख्खी गाडी मिळते का बघा. तिथे उभं राहून इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. सुरुवातीला टॅपेटची टिकटिक येऊन मिनिटभरात थांबली तर फारसं बिघडत नाही, गरम झाल्यावरही चालू राहिली तर दुसरं बघा. २००७ च्या सुमारापासूनच्या ५.३ मध्ये कमी भाराला चार सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची युक्ती आहे. तिचे लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे भाग, दगा देतात अशी त्यांची ख्याती आहे. पहिल्यांदाच करताय, त्यामुळे त्याआधीचं, साधं घ्या. आणि त्या गाडीतून इंजिन काढताना वायर कापू नका. कनेक्टर सोडवा, चिठ्ठी लावा, फोटो काढा. भावाला कटर देऊच नका.

गिअरबॉक्सही त्याच गाडीतला घ्या. याचं कारण सोप्या हिशोबात सांगतो. तुमच्या डिफरेन्शिअलचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा, रेशो ३.७३ आणि टायरची उंची २८ इंच धरू. चाकाचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरचा. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फिरतं, आणि जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये वरचा गिअर सरळ असल्यामुळे इंजिन मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांवर ओरडत राहतं. ५.३ सोबत येणाऱ्या ४एल६०ई या ऑटोमॅटिकमध्ये चौथा गिअर ०.७० चा आहे. तोच वेग, इंजिन १,९५० च्या आसपास. प्रवासात शेजारच्याशी बोलता येतं. ज्या कारणासाठी तुम्ही इंजिन बदलताय, त्यातलं निम्मं सुख खरं म्हणजे या चौथ्या गिअरमध्ये आहे.

आता त्या वासाकडे येऊ. तुमच्या आठवणीला धक्का लावतोय, माफ करा. पण १९७२ पर्यंतच्या या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. तुम्हाला आठवतो तो वास बाबांच्या गाडीचा खरा, पण तो तुमच्या पाठीमागच्या टाकीतून, तिच्या झाकणाच्या रबरातून आणि होसच्या जोडातून येत होता. कार्बोरेटरला जेमतेम ४ ते ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब लागायचा, होस सैल असला तर थेंब पडायचा. नव्या इंजिनाच्या इंजेक्टरना ५८ पीएसआय लागतो. तोच जोड सैल राहिला तर थेंब नाही, फवारा उडतो. आणि तो केबिनमध्ये, बसलेल्या माणसाच्या मानेमागे. म्हणून माझं ऐका, टाकी तिथून हलवा. मागच्या हौद्याखाली, चासीच्या दोन दांड्यांमध्ये नवी टाकी बसवा, पंप टाकीच्या आतला घ्या. बाहेर लावलेला पंप आवाज करतो, तापतो आणि लवकर जातो. आतला पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. होस इंजेक्शनच्या दाबाचाच हवा, एसएई ३०आर९ असं त्यावर छापलेलं असतं. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र ३०आर१० चा, कारण ३०आर९ बाहेरून पेट्रोलमध्ये भिजवण्यासाठी बनवलेला नाही. जुनी टाकी धुऊन वापरण्याचा मोह टाळा. आतला गंज फिल्टर भरून टाकतो, आणि फिल्टरनंतर इंजेक्टरची पाळी.

इंजिन बसवताना ते एकदा बसवून काम होत नाही. तीन वेळा तरी खाली-वर करायची तयारी ठेवा. सहा सिलिंडरच्या फाउंडेशनवर व्ही-८ बसत नाही. ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं, ते पुढच्या आडव्या दांडीला अडतं किंवा तिच्याखाली लोंबतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला टेकतो का, हे इंजिन आत टांगल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांनी अंदाज करू नका. मागे प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा, कोन मोजा, मोबाइलच्या लेव्हलवरसुद्धा चालेल. इंजिन मागच्या बाजूला सुमारे ३ अंश झुकलेलं असावं आणि डिफरेन्शिअलचं तोंड तितकंच वर. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवरचे (वळणाऱ्या सांध्यांवरचे) कोन सारखे आले तर एकमेकांची धडधड खाऊन टाकतात. कोनांत एक अंशाहून जास्त फरक पडला तर गाडी ताशी ८० ला थरथरायला लागते आणि माणूस उगाच चाकं बॅलन्स करत फिरतो. गिअरबॉक्स बदलल्यानं शाफ्टची लांबीही बदलणार. ती इंजिन कायमचं बसल्यावर मोजायची, गाडीचं सगळं वजन चाकांवर असताना.

वायरिंगला लोक घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त दोन सापळे आहेत. ईसीयूला एक कायमचा १२ व्होल्ट लागतो आणि एक किल्लीचा. किल्लीचा म्हणून अनेकजण जुन्या कॉइलकडे जाणारी वायर जोडून टाकतात, ती हाताशी असते म्हणून. पण त्या काळच्या पॉइंट इग्निशनमध्ये कॉइल जळू नये म्हणून ती वायर मुद्दाम रेझिस्टन्सची दिलेली असते. तिच्यातून पुरे १२ व्होल्ट मिळतच नाहीत. दुसरा सापळा याहून गमतीचा. किल्लीची काही टर्मिनल स्टार्टर फिरत असताना बंद पडतात. मग होतं असं की स्टार्टर मारत राहिलं तर इंजिन नुसतं फिरतं, आणि कंटाळून किल्ली सोडली की त्या क्षणी एक ठिणगी पडल्यासारखं फुरफुरतं. मी या एका लक्षणापायी दोन शनिवार पंप बदलण्यात घालवलेत. किल्ली ‘चालू’ आणि ‘स्टार्ट’ दोन्हीकडे असताना मल्टिमीटरनं पुरे व्होल्ट दाखवणारी वायर शोधा, तिनं फक्त रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवा आणि ईसीयूचा खरा करंट बॅटरीतून फ्यूज घालून आणा.

अर्थिंगला हात आखडू नका. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, म्हणजे ती चासीपासून वेगळीच असते. बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते चासी, ब्लॉक ते केबिन अशा तीन जाड पट्ट्या, खालचा रंग खरवडून. इंडिकेटर लावला की तापमानाचा काटा नाचला तर समजा अर्थ कच्चा आहे. स्पीडोमीटर तुमचा केबलचा आहे आणि नवा गिअरबॉक्स इलेक्ट्रॉनिक सिग्नल देतो, तेव्हा मधला कन्व्हर्टर लागेल. मूळ डायल तसाच ठेवता येतो, बदलू नका.

रेडिएटर मोठा घ्या, बाकी फार विचार नको. एक मात्र विसरू नका. या इंजिनांच्या हेडमधून वाफ काढणारी बारीक नळी असते. जुन्या रेडिएटरला तिच्यासाठी तोंड नसतं म्हणून काहीजण ती बंद करून टाकतात. मग हेडमध्ये वाफ अडकते, काटा नॉर्मल दाखवतो आणि आत हेड भाजत असतं. ती नळी रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा पाण्याच्या टाकीत नेऊन सोडा.

ब्रेकबद्दल पत्रात एक शब्द नाही. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. या मालिकेत पुढे डिस्क सरसकट द्यायला लागले ते १९७१ पासून. ड्रम तापले की पाय खाली जातो आणि गाडी पुढेच. ताकद दुपटीहून जास्त करायची आणि ब्रेक १९६९ चे ठेवायचे, हे मी कुणाच्याही भावाला करू देणार नाही. पुढच्या चाकांना डिस्क, त्याला साजेसा मास्टर सिलिंडर आणि पायाचा जोर वाढवणारा सर्वो, पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण राखणारा व्हॉल्व्ह, आणि सगळ्या लोखंडी नळ्या नव्या. हे काम इंजिन येण्याआधी, इंजिनची जागा रिकामी असतानाच करा. हात पोचतो. तेव्हाच स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्ट होतो तो भाग तारेच्या ब्रशनं घासून, टॉर्च लावून बघा. तिथे चीर असली तर आधी ती.

पत्र्याचं एवढंच: दाराखालचा उंबरा आणि केबिनचे मागचे कोपरे हमखास कुजलेले असतात. ते कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून घ्या. नाहीतर केबिन केसभर बसते आणि दार जन्मात नीट लागत नाही.

पहिल्यांदा सुरू करण्याच्या दिवशी घाई नको. फ्यूएल पंपाचा रिले आणि इंजेक्टरचा फ्यूज काढा, थांबत थांबत स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा उचलला की मगच दोन्ही परत लावा. इंजिन सुरू करण्याआधी, रिले जागेवर असताना, नुसती किल्ली चालू करून पंप चालवा आणि टाकीपासून इंजिनपर्यंत प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. अग्निशामक हाताशी ठेवा, आणि तो भावाच्या हातात द्या म्हणजे त्याचे हात दुसरीकडे जाणार नाहीत. एक्झॉस्टच्या जोडातून फुसफुस येत असेल तर तीही आधी थांबवा. तिथून आत ओढली गेलेली हवा ऑक्सिजन सेन्सरला चकवते, आणि ईसीयू विनाकारण जास्त पेट्रोल सोडायला लागतो.

पहिली फेरी पाच-दहा किलोमीटरचीच मारा, मामांना शेजारी बसवा. परत आल्यावर शाफ्टचे, फाउंडेशनचे आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा पान्यानं तपासा, हमखास एखादा ढिला निघतो. आणि जाता-येता केबिनमध्ये तो जुना पेट्रोलचा वास आला, तर बाबांच्या आठवणीत रमू नका. इंजिन बंद करा, मामांना घेऊन खाली उतरा, आणि कोरडा कागद घेऊन टाकीपासून पुन्हा सुरुवात करा.